वाचकांचे प्रश्न : राम सुतार, त्यांचे पुतळे आणि स्टुडिओतले बाकीचे हात

राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये गेले, शंभरी पूर्ण करून. त्यांच्यावर आपल्या अंकात छोटा लेख आला आणि तेव्हापासून या सदराकडे पुतळ्यांबद्दलच प्रश्न येतायत, काही त्यांच्याबद्दल, काही एकूणच या कामाबद्दल. मी स्वतः मातीकाम करते आणि शिकवते, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला. प्रत्येकाला उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण एक पत्र असं आहे की नाव छापलं तर त्या मुलाचं काम जायचं.

प्रश्न (नाशिक, शाळेत चित्रकला शिकवतात): मुलांना राम सुतार म्हटलं की स्टॅच्यू ऑफ युनिटी एवढंच माहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यापुढे फारसं माहीत नाही. वर्गात पंधरा मिनिटं बोलायचं झालं तर काय सांगू?

उत्तर: सर, पंधरातली दहा मिनिटं त्या १८२ मीटरच्या आधीच्या काळाला द्या. धुळे जिल्ह्यातलं गोंदूर गाव, जन्म १९ फेब्रुवारी १९२५, वडील सुतारकाम करणारे, परिस्थिती बेताची. श्रीराम कृष्ण जोशी नावाचे शिक्षक भेटले, त्यांनी या पोराचा हात ओळखला आणि मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला जायला लावलं. हे वर्गात जरूर सांगा, कारण आज त्या जोशी सरांच्या जागी तुम्ही उभे आहात. जेजेत त्यांना १९५३ साली मॉडेलिंगचं मेयो सुवर्णपदक मिळालं.

त्यापुढचा टप्पा बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात, मला मात्र तो सगळ्यात मोलाचा वाटतो. १९५४ ते १९५८ ते पुरातत्त्व खात्यात औरंगाबादला होते, अजिंठा वेरूळच्या मोडक्या शिल्पांची डागडुजी करायला. डागडुजी म्हणजे काय काम असतं ते जरा डोळ्यासमोर आणा. एखाद्या मूर्तीचं मनगट तुटलंय, बोटं गेलीयेत, तर उरलेल्या हाताचा कल बघायचा, कोपरापासून स्नायू कसा फिरत आलाय ते बघायचं, दगडावर छिन्नीच्या खुणा कुठल्या दिशेला पडल्यात ते बोटांनी चाचपायचं, आणि मग जेवढं गेलंय तेवढंच भरायचं, तेही असं की बघणाऱ्याचं लक्ष आपल्या कामाकडे जाता कामा नये. पंचविशी तिशीतल्या पदकविजेत्या कलाकाराला स्वतःचा हात असा लपवायला लावणं ही फार कडक तालीम आहे. आणि वेरूळचं कैलास लेणं म्हणजे आख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, अशा कामाच्या सहवासात जो राहिला त्याला पुढे आकाराची भीती वाटली नाही यात मला तरी नवल वाटत नाही.

मग दिल्ली. माहिती आणि प्रसारण खात्यात थोडा काळ नोकरी, ती सोडून स्वतंत्र काम. गांधीसागर धरणावरची चंबळ देवी हे पहिलं मोठं नाव कमावलेलं काम, ४५ फुटी, काँक्रीटमधलं. आई म्हणजे चंबळ नदी आणि तिच्याजवळची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. पाण्यावरून राज्यं भांडतात हे मुलांना टीव्हीवर दिसतंच, त्यांना ही दोन मुलांची कल्पना लगेच कळेल. त्यानंतर गांधीजी हा आयुष्यभराचा विषय झाला, संसदेच्या आवारातले ध्यानस्थ बसलेले गांधीजी त्यांचेच, १९९३ सालचे, आणि त्यांनी केलेले गांधीजींचे अर्धपुतळे तर कितीतरी देशांत गेलेत. १९९९ ला पद्मश्री, २०१६ ला पद्मभूषण, पुढे महाराष्ट्र भूषणही. शेवटी मुलांना एक गणित घाला, जन्म १९२५ चा आणि सरदार पटेलांच्या पुतळ्याचं अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ ला, तर तेव्हा वय किती? उत्तर आलं की वर्ग आपोआप शांत होईल बघा.

प्रश्न (डोंबिवली): गेटवे ऑफ इंडियासमोरचा घोड्यावरचे शिवाजी महाराज तो पुतळा पण राम सुतारांचाच ना? घरात पैज लागलीय.

उत्तर: नाही, तो सदाशिव साठे यांचा. भाऊ साठे म्हणायचे सगळे त्यांना, कल्याणचे, म्हणजे तुमच्या शेजारचेच. अनावरण २६ जानेवारी १९६१. जुन्या दिल्लीत टाउन हॉलजवळचे गांधीजी पण साठ्यांचे, आणि ते त्यांनी तिशीच्या आत केले होते. त्यांच्या कामाचं शिल्पालय तुमच्याच भागात आहे, पैज हरलेल्याने बाकीच्यांना तिथे घेऊन जावं. आणि हा घोळ फक्त तुमच्या घरातला नाही, आपल्याकडे पुतळा सगळ्यांना पाठ असतो पण करणारा कुणालाच नाही. गिरगाव चौपाटीवरचे टिळक रघुनाथ फडक्यांचे, शिर्डीच्या समाधी मंदिरातले साईबाबा बा. व. तालीम यांचे, रोज हजारो लोक हात जोडतात आणि कोणी केलं हे विचारलं तर सांगता येत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न (पुणे, सिव्हिल इंजिनिअर): १८२ मीटरचा पुतळा हे शिल्पकाराचं काम म्हणायचं की आमच्या लोकांचं? राग मानू नका पण मला ते स्ट्रक्चरच वाटतं, ज्याला बाहेरून ब्राँझ लावलंय.

उत्तर: राग कशाला, अर्धं बरोबरच आहे तुमचं. आत काँक्रीटचे दोन मनोरे, त्यात लिफ्ट, भोवती स्टीलचा सांगाडा आणि त्यावर ब्राँझचे पॅनेल. पॅनेल चीनमध्ये ओतले, बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं. सरदार चालण्याच्या पवित्र्यात उभे असल्यामुळे खाली पायाशी आकार अरुंद आणि वर रुंद, इंजिनिअरला नको असतं नेमकं तेच. वाऱ्याने डोलू नये म्हणून आत प्रत्येकी २५० टनांचे दोन डँपर बसवलेत. हे सगळं तुमच्या लोकांचं आणि त्याला माझा मनापासून सलाम.

पण त्या सांगाड्याच्या बाहेर जो माणूस आहे तो मातीत झाला. सुतारांच्या स्टुडिओत आधी छोटं मॉडेल, मग वाढवत वाढवत ३० फुटी मॉडेल, आणि मोठ्या कामाची मापं अशा मॉडेलच्या स्कॅनिंगवरून निघतात. आता ३० फूट म्हणजे साधारण नऊ मीटर, म्हणजे प्रत्यक्ष पुतळा त्याच्या वीस पट. ओठाच्या कडेला अर्धा सेंटीमीटर माती जास्त राहिली तर वर तीच दहा सेंटीमीटर होणार आणि चेहऱ्यावरचा भाव बदलणार, करारी माणूस रागीट दिसायला लागणार. सरदारांचा चेहरा मुळात अवघड. जड पापण्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या खोल रेषा, टक्कल, म्हणजे केसांच्या आड काही लपवायला जागाच नाही. आणि आपल्यासमोर असतात फक्त फोटो, त्यातले बरेच समोरून काढलेले, ज्यात गालाची उंची कळतच नाही. बाजूने काढलेला एखादा फोटो मिळाला तर शिल्पकाराला घबाड मिळाल्यासारखं होतं. मग चेहऱ्याची सावली कुठे पडते त्यावरून उलटा हिशोब करत माती लावायची, लावायची, काढायची.

अजून एक. एवढी उंच गोष्ट माणूस खालून बघतो. खालून बघताना डोकं लहान दिसतं, हनुवटी पुढे येते, कपाळ मागे जातं. त्यामुळे उंच चबुतऱ्यावरच्या पुतळ्यात शिल्पकाराला प्रमाणं थोडी मुद्दाम बिघडवावी लागतात, म्हणजे खालून ती बरोबर दिसतात, आणि किती बिघडवायची याचं कोष्टक कुठे मिळत नाही, ते वर्षानुवर्षं पुतळे उभे केल्यावर आणि खाली उभं राहून बघितल्यावर डोळ्यात बसतं. म्हणून माझं उत्तर असं की पुतळा उभा आहे तो तुमच्यामुळे, आणि लांबून बघून लोक ‘हे सरदार’ म्हणतात ते सुतारांमुळे. उंचीचं मला स्वतःला फार कौतुक नाही हेही सांगते. संसदेच्या आवारातले बसलेले गांधीजी त्याच्या पुढे एवढेसे, पण मला विचाराल तर काम म्हणून ते जास्त मोठं.

प्रश्न (मालवण): राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा पडला तेव्हा आम्ही इथलेच, फार लागलं मनाला. इतका नवा ब्राँझचा पुतळा पडतोच कसा? आणि आताचा टिकेल ना?

उत्तर: तुमचं दुःख कळतं. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला, वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याच जागी नवा पुतळा राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल यांच्या स्टुडिओने केला, मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. त्या एका घटनेत कोणाचं काय चुकलं हे ठरवणं माझं काम नाही, पण समुद्रकाठी ब्राँझचा पुतळा उभा करताना काय काय सांभाळावं लागतं ते सांगू शकते.

लोकांना वाटतं ब्राँझ म्हणजे आतून भरीव. तसं नसतं, मोठा पुतळा आतून पोकळच असतो, ब्राँझची भिंत काही मिलिमीटरची आणि तिला आतून स्टीलचा सांगाडा धरून ठेवतो. म्हणजे टिकणं न टिकणं सगळं त्या सांगाड्यावर, वेल्डिंगवर, खालच्या बोल्टवर आणि पायावर. वारा वाहतो तेव्हा अंगरखा, शेला, उगारलेला हात हे सगळं वारा अडवतं, पुतळा सतत बारीक बारीक हलत असतो आणि तो ताण जोडांवर येतो. त्यात खारी हवा. साधं स्टील गंजतं, गंजलं की फुगतं, आणि स्टील व ब्राँझ एकमेकांना थेट चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की गंजण्याचा वेग आणखी वाढतो, दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंड खाल्लं जातं. न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीला नेमका हाच रोग झाला होता. बाहेर तांब्याचा पत्रा, आत लोखंडाचा सांगाडा, १८८६ पासून समुद्रात उभी. दोन धातूंच्या मध्ये अस्तर दिलेलं होतं तरी ते कालांतराने गेलं आणि १९८० च्या दशकात आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. म्हणून किनाऱ्यावर स्टेनलेस स्टील, दोन धातूंच्या मध्ये अस्तर, पाणी साचणार नाही अशी निचऱ्याची भोकं आणि दर काही वर्षांनी आत शिरून तपासणी, यात काटकसर करूच नये. आताचा टिकेल का याचं उत्तर या तपासणीतच आहे, गावाने तिचा आग्रह धरावा, तारीख विचारत राहावी.

आणि वेळ. महाराष्ट्रात कला संचालनालय मातीचं मॉडेल बघून मान्यता देतं, ते चेहरा, प्रमाण, वेशभूषा यासाठी. आतल्या सांगाड्याची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. माती, मग प्लास्टरचा साचा, मग मेण, मग मेणावर पुन्हा हात फिरवणं, भट्टी, ओतकाम, जोडणी, चेसिंग म्हणजे ओतल्यावर जोड आणि खडबडीतपणा घासून साफ करणं, पॅटिना म्हणजे ब्राँझवर आणलेला रंग, यातली एकही पायरी घाईने होत नाही. पण आपल्याकडे जयंतीची किंवा अनावरणाची तारीख आधी ठरते आणि तिथून उलटे दिवस मोजत काम उरकतात. शिल्पकाराने त्या वेळी ‘एवढ्या दिवसांत होणार नाही’ असं सांगायला हवं आणि समितीने ते ऐकायला हवं. नाही म्हणता येणं हा अनुभवी शिल्पकाराचा फार मोठा गुण आहे.

प्रश्न (सातारा, कॉलेज विद्यार्थी): घोड्याचे दोन पाय वर असतील तर योद्धा रणांगणात गेला, एक वर असेल तर जखमेने, चारही खाली असतील तर नैसर्गिक मृत्यू, हे खरं आहे का? व्हॉट्सअॅपवर दर शिवजयंतीला येतं.

उत्तर: खरं नाही. महाराज १६८० साली रायगडावर गेले, रणांगणात नाही, मग दोन पाय वर केलेल्या घोड्यावरचे महाराज कसे चालतात? माद्रिदमध्ये स्पेनच्या चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, पिएत्रो ताक्काने केलेला, १६४० चा, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. तो राजा १६६५ मध्ये गेला, म्हणजे पुतळा झाला तेव्हा चांगला जिवंत होता, मरण कसं येणार हे शिल्पकाराला कुठून माहीत!

पाय किती उचलायचे हे ठरतं तोलावर. घोडा आणि स्वार मिळून कित्येक टन वजन आणि ते पेलायला चार बारीक पाय. दोन पाय उचलले की सगळा भार मागच्या दोन पायांवर आणि बहुतेक वेळा शेपटीवर, ताक्कानेही शेपटी आधाराला घेतलीच आहे. एक पाय उचललेला घोडा चालताना दिसतो आणि उरलेले तीन भार घेतात म्हणून ती मांडणी शिल्पकारांना आवडते. पुण्यात श्री शिवाजी मिलिटरी स्कूलमध्ये वि. पां. करमरकरांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा आहे, माझगाव गोदीत ओतलेला, तो जाऊन बघ. पाय मोजू नकोस, घोड्याची छाती आणि मान बघ, लगामाचा ताण मानेच्या स्नायूत कसा उतरलाय ते बघ, आणि मग येताना महाराजांच्या बैठकीकडे बघ.

प्रश्न (गावाचं नाव देऊ नका): मी तीन वर्षं एका मोठ्या शिल्पकारांच्या स्टुडिओत आहे. आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा बांधणं, माती चढवणं, कपड्याच्या चुण्या, साचे, मेणाचं टचिंग हे सगळं मी आणि अजून दोघं करतो. सर शेवटी येऊन चेहरा आणि हात करतात. अनावरणाला आम्हाला बोलावलंही नाही, पेपरात टीव्हीत फक्त सर. सरांबद्दल आदर आहे, खोटं नाही सांगत. पण हे शिक्षण आहे की वापरून घेणं?

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि या सदरातलं सगळ्यात लांब उत्तर तुलाच द्यायचं असं ठरवलं.

आधी परंपरेचं सांगते. मोठं सार्वजनिक शिल्प एकट्या माणसाने कधीच केलेलं नाही, कुठेच नाही. ते कारखान्याचं काम आहे, त्यात लोहार आहे, साचेवाला आहे, ओतारी आहे, वेल्डर आहे आणि तुझ्यासारखी माती चढवणारी पोरं आहेत. राम सुतारांचंच बघ, नोएडाच्या स्टुडिओत मुलगा अनिल, जो शिकलाय आर्किटेक्ट म्हणून, बरोबरीने उभा होता आणि मागे कारागिरांची फळी होती, म्हणूनच नव्वदी ओलांडल्यावरही एवढी कामं बाहेर पडली. चेहरा आणि हात गुरूने करायचे आणि बाकीचं शिष्यांनी, ही वाटणी पण जुनी आहे आणि तिच्यात काही गैर नाही. चुण्या करताना तू जे शिकतोस ते कॉलेजात मिळत नाही. धोतराची चुणी कमरेपाशी घट्ट सुरू होते, गुडघ्यावर ताणली जाते, पोटरीपाशी सुटते, आणि कापडाच्या आत पाय आहे हे तिच्यावरून कळलं पाहिजे. चुणी नुसती रेघ ओढल्यासारखी झाली की आतला पाय मेला. हे ज्याला जमलं त्याला शरीर कळलं असं समज.

मग शिक्षण की वापर, हे ओळखायचं कसं? माझ्या मते ते सरांच्या तोंडाकडे बघून कळतं, म्हणजे ते तुला ‘का’ सांगतात का यावरून. तू केलेली चुणी त्यांनी मोडली तर का मोडली हे सांगतात की नुसती मोडून पुढे जातात? चेहऱ्याचं काम करताना तुला मागे उभं राहून बघू देतात की तेव्हा तुला बाजारात पाठवतात? तीन वर्षांत कधी एखादा कान, एखादं पाऊल तुझ्यावर सोपवून बघितलंय का? पगार वेळेवर होतो का? यातलं बरंचसं ‘हो’ असेल तर तू शाळेत आहेस, कडक शाळेत आहेस, थांब. सगळंच ‘नाही’ असेल तर तू मजूर आहेस आणि मजुरीच करायची तर तिचा दर ठरवून घे, त्यात लाज नाही.

अनावरणाला न बोलावणं मात्र चूक आहे, सरळ चूक आहे, मला त्याचा राग येतो. सिनेमात लाइटमनपर्यंत सगळ्यांची नावं येतात आणि पुतळ्याच्या चबुतऱ्यावर फक्त ज्यांच्या शुभहस्ते झालं त्यांचं नाव, तेही शिल्पकारापेक्षा मोठ्या अक्षरात. कित्येक ठिकाणी तर शिल्पकाराचंही नसतं. युरोपातल्या जुन्या ब्राँझवर ज्या फाउंड्रीत काम ओतलं तिचा शिक्का सापडतो, त्यावरून आज अभ्यासकांना कोणी ओतलं ते कळतं. आपल्याकडे शिल्पकार मीरा मुखर्जींचं उदाहरण मला फार जवळचं आहे. जर्मनीत शिकून आलेली बाई, पण बस्तरच्या ओतकाम करणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसली, त्यांच्याकडून मेणाच्या ओतकामाची पद्धत शिकली आणि ‘हे मी त्यांच्याकडून शिकले’ असं कायम सांगत राहिली. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या आवारात तिचा कलिंगचा अशोक उभा आहे, तो बघताना ब्राँझवर मेणाच्या धाग्यांच्या खुणा दिसतात, म्हणजे ज्यांच्याकडून शिकली त्यांची खूण तिने अंगावरच ठेवलीय. ज्येष्ठ शिल्पकार हे सदर वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे, पाटीच्या खालच्या कोपऱ्यात चार नावं जास्त कोरली तर तुमचं नाव लहान होत नाही. उलट चाळीस वर्षांनी त्या चार जणांनी स्वतःचे स्टुडिओ काढलेले असतील आणि लोक म्हणतील हा अमक्यांच्या हाताखालचा.

तू काय करायचंस? सरांना विचारून कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसकट ठेव आणि पोर्टफोलिओत ‘सहाय्यक म्हणून’ असं स्पष्ट लिही, आख्खं काम स्वतःच्या नावावर खपवू नकोस. अनुभवाचं पत्र माग, तोंडी नाही, लेटरहेडवर. आणि रात्री थकलेला असलास तरी स्वतःची माती सोडू नकोस, ओळखीतलं एखादं म्हातारं माणूस समोर बसव आणि त्याचं डोकं कर, लहानच कर पण चेहरा तूच कर. सरांच्या हातात चेहरा राहिला आणि तुझ्या हातात कायम चुण्याच राहिल्या तर बाहेर पडल्यावर तुझी पंचाईत होईल. निघायची वेळ आली की सांगून नीघ, भांडून नको. ओतारी, साचेवाले, दगडवाले सगळे एकमेकांना ओळखतात आणि पहिलं काम तुला त्यांच्यातलंच कुणीतरी मिळवून देणार आहे.

प्रश्न (औंध, गणेश मंडळ आणि जयंती समितीचे कार्यकर्ते): चौकातल्या पुतळ्याला दर वर्षी आम्ही सोनेरी ऑइलपेंट मारतो आणि दुधाने अभिषेक करतो. एका आर्टिस्टने नको सांगितलं. का?

उत्तर: बरोबर सांगितलं त्यांनी. ब्राँझचा तो काळपट तपकिरी रंग म्हणजे मळ नाही, ती पॅटिना असते, शिल्पकाराने रसायनं आणि उष्णता देऊन मुद्दाम आणलेली, आणि ती धातूला सांभाळते. तिच्यावर दर वर्षी रंगाचा थर चढला की आधी डोळ्यांच्या कडा बुजतात, मग पापण्या, मग मिशांचे केस, आणि दहा वर्षांत सगळे महापुरुष एकसारखे दिसायला लागतात. दूध, दही, हळदकुंकू खाचांत राहून आंबतं आणि डाग पडतात. अभिषेक करायचाच तर पुतळ्यासमोर छोटी प्रतिमा ठेवून तिला करा. मोठ्या पुतळ्याला मऊ कापड, साधं पाणी, अगदी सौम्य साबण, पूर्ण कोरडं करून वर मेणाचा पातळ हात. मात्र पुतळा ब्राँझचा आहे की फायबरचा हे आधी खात्री करून घ्या, बरेच चौकातले फायबरचे असतात आणि त्यांची देखभाल वेगळी.

प्रश्न (शिंदखेडा, एका मुलाची आई): मुलगा नववीत आहे, शेतातली माती आणून दिवसभर माणसं, बैल करत बसतो. त्याचे बाबा म्हणतात यात पोट भरत नाही. राम सुतार आपल्याच जिल्ह्यातले असं कळल्यापासून तर तो ऐकायलाच तयार नाही. काय करावं ताई?

उत्तर: ताई, बाबांची काळजी खोटी नाही. या कामात सुरुवातीची वर्षं हात आखडता ठेवून काढावी लागतात आणि सगळ्यांना मोठे पुतळे मिळत नाहीत. पण मूर्तिकाम, साचेकाम, फिल्म आणि नाटकाचे सेट, म्युझियमची मॉडेलं, शाळेत कलाशिक्षक, असं बरंच काही असतं ज्यात मातीचा हात असलेला माणूस लागतो.

करमरकरांची गोष्ट त्याच्या बाबांना सांगा. अलिबागजवळच्या सासवणे गावातलं पोर, देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलेलं, ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरने बघितलं आणि त्याच्या जेजेतल्या शिक्षणाची सोय केली. सुतारांना जोशी सर भेटले, करमरकरांना कलेक्टर. तुमच्या मुलाला निदान आई भेटलीय, ही लहान गोष्ट नाही.

आता कामाचं. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा द्यायला लावा. बारावीपर्यंत शिकू द्या, दहावीनंतर लगेच सोडू नका. मग शिल्पकलेच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा असते, चार वर्षांचा कोर्स, मुंबईच्या जेजेत आहे. तोवर त्याला चित्र काढायला लावा, जिवंत माणसाकडे बघून, फोटोवरून नको. आजी शेंगा सोलत बसलीय तर आजीचे हात काढ, बैल उभा आहे तर बैलाचा खांदा काढ. सुट्टीत एकदा सासवण्याला करमरकरांच्या घरी न्या, त्यांची शिल्पं तिथेच ठेवलीयेत. म्हैस, माणसं, गावातलेच चेहरे, आणि बरीचशी साध्या सिमेंटमधली. महागडं सामान लागतं ही समजूत तिथे जाते.

महाग माती, हत्यारं आत्ता काही घेऊ नका. शेतातली माती भिजवून, कापडातून गाळून, दोनचार दिवस मुरू द्या, हाताला चिकटेनाशी झाली की काम करायला तयार. बांबूची कामटी घासून टूल होतं. काम अर्धवट राहिलं तर ओलं फडकं गुंडाळून वरून प्लास्टिक लावून ठेवायचं, नाहीतर नाक कान आधी वाळून तडकतात. बैल मोठा करायचा असेल तर आत तारेचा सांगाडा घालायचा, पण तार घातलेला बैल भट्टीत भाजायला देऊ नका, माती आकसते, तार आकसत नाही, मग फुटतो. भाजायचा असेल तर तार न घालता, आतून पोकळ करून, भिंत सगळीकडे अंगठ्याएवढी जाड ठेवून आणि पोटाखाली वाफ जायला भोक ठेवून. जमलं तर त्याच्या बैलाचा एक फोटो मला पाठवा, समोरून नको, बाजूने काढलेला.